स्फूर्ती कोणाला होते?

स्फूर्ती हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. कीर्तन रंगले की लोक म्हणतात, 'आज महाराजांना स्फूर्ती होती.' रंगले नाही की म्हणतात, 'आज स्फूर्ती नव्हती.' पण ही स्फूर्ती म्हणजे नेमके काय, ती कोठून येते, आणि ज्याला ती होत नाही त्याने काय करावे, याचा विचार कोणी फारसा करीत नाही. कीर्तन शिकणाऱ्या मुलांना मात्र हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत दोन तऱ्हा आम्ही पाहतो. एक म्हणतो, 'महाराज, पाठांतर आहे, चाल येते, पण उभा राहिलो की स्वतःचं असं काही सुचतच नाही. आमच्यात ते नाहीच. सोडून द्यावं झालं.' दुसरा म्हणतो, 'पाठांतर कशाला? वीणेच्या पाया पडून उभं राहिलं की माऊली बोलवते.' पहिला रडतो, दुसरा डुलतो. पण दोघांची समजूत एकच. स्फूर्ती ही रिकाम्या मनात बाहेरून येऊन पडणारी वस्तू आहे, असे दोघांनाही वाटते. अलीकडे तिसरी तऱ्हा निघाली आहे. मोबाइलवर दुसऱ्याचे कीर्तन ऐकायचे आणि विनोदासकट, खाकरण्यासकट पाठ करायचे. त्या बिचाऱ्याला स्फूर्तीचा प्रश्नच पडत नाही! त्याला तूर्त सोडून देऊ.

पहिला जो रडतो, त्याच्यासाठी हा लेख आहे. चांगली चांगली मुले या एका गैरसमजापायी वीणा खाली ठेवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आधी शब्द पाहू. 'स्फुर्' हा तुदादि गणातला धातू. त्याचा अर्थ हलणे, थरथरणे, चमकणे. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात, तीच ही स्फूर्ती. शब्द एवढेच सांगतो की काहीतरी एकाएकी हलले, चमकले. ते कोठून आले याविषयी शब्द काहीच बोलत नाही. 'प्रतिभा' म्हणजे समोर प्रकाशणे, तेथेही तेच. युरोपातला 'इन्स्पिरेशन' हा शब्द मात्र मूळ लॅटिनमध्ये श्वास आत फुंकणे या अर्थाचा आहे, म्हणजे त्यात फुंकणारा कोणी दुसरा आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने 'आयन' नावाच्या संवादात हाच पक्ष मांडला आहे. लोहचुंबकाला जशी एक कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी, तशी देवतेला कवी चिकटतो, कवीला गाणारा आणि गाणाऱ्याला श्रोता. कवी स्वतःच्या शुद्धीवर असतो तोवर त्याला काव्य होत नाही, असे त्याचे म्हणणे. उपमा सुंदर आहे. परंतु लोखंडाच्या कडीला काही करावे लागत नाही, आणि आमचा आक्षेप तेथेच आहे.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी हा प्रश्न पुष्कळ खोलवर नेला. दंडीने काव्याला तीन गोष्टी लागतात असे सांगितले: जन्मजात प्रतिभा, पुष्कळ आणि निर्मळ श्रवण, आणि न थकणारा अभ्यास. एवढ्यावर तो थांबला असता तर आमचा रडणारा विद्यार्थी तेथेच संपला असता. पण दंडी दयाळू. तो पुढे सांगतो की जन्मजात देणगी नसली तरी श्रवणाने आणि यत्नाने जो वाणीची सेवा करतो, त्याच्यावर ती काही ना काही अनुग्रह करतेच. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मट झाला. त्याने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन सांगितली आणि 'हेतु' हा शब्द मात्र एकवचनात घातला. टीकाकारांनी या एकवचनावर पाने भरली आहेत, आणि ते योग्यच आहे. तीन वेगळी कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एक कारण. वात, तेल आणि ज्योत यांपैकी कोणते एक घेऊन दिवा लावता? तसेच हे.

पण आमच्या मते नेमका घाव घातला तो शाहजहानच्या दरबारी पंडितराज झालेल्या जगन्नाथाने. 'रसगंगाधरा'त तो म्हणतो की काव्याचे कारण एकच, प्रतिभा. ठीक. मग प्रतिभेचे कारण काय? तर कोठे देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादाने आलेले अदृष्ट, आणि कोठे व्युत्पत्ती व अभ्यास. म्हणजे प्रतिभा कधी कृपेने येते आणि कधी कष्टाने तयार होते; दोन्ही वाटा खऱ्या. लहान मुलांत जेथे अभ्यास संभवतच नाही तेथे ती दिसते, म्हणून कृपेची वाट नाकारता येत नाही. आणि वर्षानुवर्षे काहीही न सुचलेल्या माणसाला अभ्यासानंतर सुचू लागते, म्हणून कष्टाची वाटही नाकारता येत नाही. दरबारी पंडित, मोठा मानी माणूस, पण प्रश्न कसा स्वच्छ कापला आहे पहा.

वामन नावाचा दुसरा एक काश्मिरी पंडित, जगन्नाथाच्या साडेआठशे वर्षे आधीचा. त्याने तर व्यवहारातली गोष्ट सांगितली. चित्ताची एकाग्रता म्हणजे अवधान. ते स्थळाने आणि काळाने साधते. स्थळ एकांताचे, काळ रात्रीचा चौथा प्रहर. काकड्याच्या वेळी उठणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. झोपेने मन धुतलेले असते आणि दिवसाचा बाजार अजून मांडलेला नसतो. याच वामनाने शब्द घालून पाहणे, काढून पाहणे, यालाही काव्याच्या साधनांत जागा दिली आहे. ज्याला वाटते की प्रतिभावंत एका झटक्यात लिहितो आणि उठतो, त्याने हे वाचावे.

आता आधुनिक मानसशास्त्र काय म्हणते ते पाहू. यात एक साक्ष फार मोलाची आहे, कारण साक्षीदार कवी नाही, साधू नाही, तर्काने चालणारा गणिती आहे. फ्रान्समधील आंरी प्वांकारे (१८५४ ते १९१२) याने १९०८ साली पॅरिसच्या मानसशास्त्र मंडळापुढे व्याख्यान दिले आणि आपल्याला शोध कसे सुचले ते सांगितले. तरुणपणी तो एका प्रश्नामागे लागला होता. एका विशिष्ट जातीची गणिती फलने अस्तित्वातच असू शकत नाहीत, असे सिद्ध करायचे. पंधरा दिवस रोज तास-दोन तास टेबलाशी बसला, नाना जुळण्या करून पाहिल्या, निष्पन्न काही नाही. एका संध्याकाळी सवय नसताना काळी कॉफी प्याला. झोप येईना. कल्पनांचे थवे उठू लागले, एकमेकांवर आदळू लागले, आणि शेवटी दोन कल्पना एकमेकींत अडकून घट्ट बसल्या. सकाळपर्यंत ज्या गोष्टी नाहीतच म्हणून तो सिद्ध करीत होता, त्यांचाच एक वर्ग हाती आला!

पुढची गोष्ट आणखी मौजेची. तो भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला. प्रवासात गणित विसरला. कूतांस नावाच्या गावी गाडीत चढताना पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी, आधी मनात तसला काही विचार नसताना, दोन अगदी वेगळी दिसणारी गणिते एकच आहेत हे त्याला दिसले. त्याने पडताळा घेतला नाही, वेळच नव्हता. गाडीत बसून अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे चालू केल्या. मात्र खात्री पूर्ण होती. घरी परतल्यावर सवडीने त्याने ते ताडून पाहिले.

या साक्षीतून प्वांकारे दोन गोष्टी काढतो. एक, असा प्रकाश कधीही आयता पडत नाही. आधी कित्येक दिवस जाणीवपूर्वक केलेले आणि वरवर फुकट गेलेले कष्ट असतात. ते फुकट गेलेले नसतात, त्यांनीच आतले यंत्र चालू केलेले असते. दुसरी गोष्ट, प्रकाश पडल्यावर पुन्हा बसून पडताळावे लागते, कारण ती खात्री कधी कधी फसवी निघते. विशेषतः सकाळी वा रात्री अंथरुणात अर्धवट झोपेत आलेल्या कल्पनांनी आपल्याला फसविले आहे, असे तो प्रांजळपणे सांगतो. केवढा मोठा मनुष्य, आणि 'मला आतून आले' एवढ्यावर थांबत नाही.

पुढे १९२६ साली ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज लेखकाने अशाच अनुभवांवरून चार पायऱ्या मांडल्या. त्यांची आम्ही मराठीत तयारी, मुरवण, प्रकाश आणि पडताळा अशी नावे करतो. पहिली, तिसरी आणि चौथी समजायला सोपी आहे. खोच दुसरीत आहे. मुरवण म्हणजे काय? घरातल्या बायांना विचारा. दूध तापवायचे, कोमट करायचे, विरजण लावायचे आणि झाकून ठेवायचे. दर घटकेला झाकण काढून ढवळले तर दही लागत नाही. पण दूधच नसेल तर रात्रभर झाकून काय उपयोग? आमचा दुसरा विद्यार्थी, तो डुलणारा, रिकामे भांडे झाकून बसला आहे. आणि पहिला सारखा ढवळतो आहे.

झाकलेल्या भांड्यात नेमके काय चालते याविषयी पंडितांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, जाणिवेच्या खाली मन तेच काम करीत राहते. कोणी म्हणतात, तसे काही नाही. विश्रांतीत चुकीची वाट विसरली जाते, आणि पुन्हा पाहिले की सरळ वाट दिसते. आमच्या मते दोन्ही घडत असावे.

आमचा एक साधा अनुभव सांगतो. ज्ञान झाल्यावरही भक्ती उरते, भक्त आणि देव एक असूनही प्रेमासाठी दोन होतात, हे समजावण्याला आम्ही एक दृष्टांत शोधीत होतो. पाणी आणि लाट, सोने आणि दागिना हे श्रोत्यांच्या कानांना इतके सरावलेले की ऐकताच ते माना डोलावतात आणि विचार करायचे थांबतात. आठ-दहा दिवस ग्रंथ चाळले, लिहून पाहिले, खोडले. मग वारी सुरू झाली आणि तो विषय मागे पडला. सासवडहून जेजुरीच्या वाटेवर आमच्या टाळाची दोरी तुटली. दिंडीतून बाजूला होऊन एका दगडावर बसून नवी दोरी ओवीत होतो, आणि हात थांबला. दोन वाट्या, एक दोरी! एकच वाटी असती तर नाद नाही. दोन असून बांधलेल्या नसत्या तर जोड नाही. नादासाठी दोन झाल्या आणि दोरीने एक राहिल्या. दोरी ओवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळे निरूपण डोळ्यांपुढे उभे राहिले.

म्हणाल तर माऊलीची कृपा. आम्ही तसेच म्हणतो. पण आधीचे आठ दिवस नसते तर तुटलेली दोरी ही तुटलेली दोरीच राहिली असती. पडताळाही घ्यावा लागला. दृष्टांताला मर्यादा होती, कारण टाळाच्या वाट्या शेवटपर्यंत दोनच राहतात. त्यांचे ऐक्य दोरीचे, स्वरूपाचे नव्हे. म्हणून तो भक्तिसुखापुरता वापरायचा, अद्वैत सिद्ध करायला नाही, असे आम्ही ठरविले.

कीर्तनात आणखी एक अडचण आहे. गणितीला गाडीची पायरी मिळते, कवीला चौथा प्रहर मिळतो; कीर्तनकाराला मात्र उभ्या उभ्या, हजार डोळ्यांपुढे सुचावे लागते. याविषयी २००८ साली अमेरिकेत चार्ल्स लिम आणि अॅलन ब्रॉन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाझ हे तिकडचे संगीत आपल्या बढतीसारखे आयत्या वेळी रचून वाजवितात. असे सहा पियानोवादक मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात घालून त्यांना आधी पाठ केलेले आणि मग उत्स्फूर्त वाजवायला लावले. उत्स्फूर्त वादनाच्या वेळी स्वतःवर पहारा ठेवण्याशी संबंधित असा मेंदूच्या पुढील बाजूचा भाग मंदावला, आणि स्वतःला व्यक्त करण्याशी ज्याचा संबंध लावतात तो मधला भाग जागा झाला. सहाच माणसे, आणि मेंदूच्या चित्रावरून सगळे मन वाचता येत नाही. त्यामुळे याचे प्रमाणशास्त्र करू नये. तरी जो कोणी कीर्तनाला उभा राहिला आहे त्याला हे ओळखीचे वाटेल. 'मी कसा बोलतो आहे' हा विचार डोक्यात शिरला की जीभ कोरडी पडते. तो विचार गेला की ओव्या रांगेने येऊ लागतात.

मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४ ते २०२१) या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शस्त्रवैद्य अशांना विचारून १९७५ साली याच अवस्थेवर ग्रंथ लिहिला. भान हरपते, वेळ कळत नाही, करणारा आणि कर्म वेगळे वाटत नाहीत. आपण याला तल्लीनता म्हणतो. त्याने नोंदविलेली एक अट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. काम आपल्या कसबाच्या मानाने फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार कठीण असले तर धास्ती वाटते. दोन्ही बरोबरीचे असले तरच तल्लीनता. म्हणजे पहारा उठण्यासाठी आधी कसब अंगात मुरलेले हवे. पखवाजी डोळे मिटून वाजवितो तेव्हा तो बोल आठवीत नाही, कारण ते हातात गेलेले असतात. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने डोळे मिटले तर ठेका चुकेल एवढेच.

आता आपल्या घरी येऊ. तुकोबारायांच्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगासह आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे आणि आम्ही ती अक्षरशः मानतो. पण महाराजांनी आपले चरित्र स्वतः ज्या अभंगात सांगितले आहे त्याचा क्रम कोणी नीट पाहत नाही. दुष्काळ, कुटुंबातला मृत्यू, धंद्याची बुडीत. मग मोडके देऊळ दुरुस्त करणे. मग एकादशीचे कीर्तन. मग संतांची वचने श्रद्धेने पाठ करणे. मग पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरणे. मग गुरूंचा स्वप्नातला अनुग्रह. आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती. स्फूर्ती या यादीत किती खाली आहे पहा! ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या मागे धृपद धरले, त्याला स्वतःचा अभंग फुटला. बहिणाबाईंचेही तसेच. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले, ते मनात घोळत राहिले, भेटीची तळमळ लागली, मग स्वप्नात तुकोबा आले.

तामिळ देशीचे श्रीनिवास रामानुजन (१८८७ ते १९२०) यांचेही उदाहरण येथे बसते. आपल्याला सूत्रे नामक्कलची नामगिरी देवी देते, असे ते सांगत. पण १९०३च्या सुमारास कार नावाच्या इंग्रज लेखकाचा हजारो प्रमेयांचा ग्रंथ हाती आल्यावर त्यांनी तो पाटीवर सोडवून सोडवून पचविला होता, हेही तितकेच खरे. देवीचा प्रसाद पडण्यासाठी पदर पसरलेला होता, एवढेच म्हणतो.

येथे कोणी विचारील, 'मग संत म्हणतात की बोलणारा आम्ही नव्हे, बोलविता दुसराच, ते निव्वळ विनयाने काय?' आम्हाला तसे वाटत नाही. प्वांकारेला पायरीवर आलेला अनुभव आणि संतांचे सांगणे यांत एवढे साम्य आहे की सुचणे हे 'मी केले' असे वाटत नाही, 'झाले' असे वाटते. संतांनी त्या 'झाले'चा कर्ता ओळखला, गणितीने तो प्रश्न मोकळा ठेवला. शिवाय कर्तेपण देवाकडे दिले की 'माझे नाव राहील की जाईल' हे ओझे उतरते, आणि ओझे उतरलेल्या माणसाला अधिक सुचते. भक्तीचे प्रयोजन हे नव्हे, पण फळ मिळते.

मात्र याचाच गैरफायदाही घेतला जातो, आणि तो आम्हाला खपत नाही. व्यासपीठावरून कोणी अभंगाचा भलताच अर्थ सांगतो, विचारले तर म्हणतो, 'आतून आलं.' आतून काय काय येते! अजीर्णाचा ढेकरही आतूनच येतो. अर्थ पूर्वापार टीकेशी, व्याकरणाशी, संतांच्या इतर वचनांशी जुळतो का ते पाहिले पाहिजे. जुळला तर कोठून आला हे कोणी विचारणार नाही.

रडणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही जे सांगतो ते येथे लिहितो. बाबा, एकच अभंग घे. त्यावरची जुनी निरूपणे वाच, प्रत्येक शब्दाशी भांडण कर, न पटलेले वहीत लिही. आठवड्याने वही मिट आणि शेतावर जा, नाहीतर पखवाजाशी बस. मधेच सुचले तर लगेच टिपून ठेव, कारण ते परत येईलच असे नाही. नाही सुचले तर वही पुन्हा उघड. एका अभंगाला महिना लागला तरी लाजू नको. उभे राहण्याची घाई करू नको, आणि मागे उभे राहून धृपद धरण्यात कमीपणा मानू नको. असे केलेल्या मुलांपैकी सगळ्यांना सुचू लागले असे आम्ही म्हणणार नाही. पण वीणा कोणी खाली ठेवली नाही.

एक भाग राहिला. राजशेखराने प्रतिभा दोन प्रकारची सांगितली आहे: रचणाऱ्याची कारयित्री आणि रस घेणाऱ्याची भावयित्री. आपण नेहमी पहिलीचेच बोलतो. टाळाचा तो दृष्टांत आम्ही प्रथम सांगितला तेव्हा कीर्तन संपल्यावर पंढरपूर तालुक्यातली एक म्हातारी पाया पडायला आली. अक्षरओळख नाही, वारी मात्र कधी चुकली नाही. म्हणाली, 'महाराज, वाट्या दोन खऱ्या. पण वाजविणारा एकच की! दोन्ही हात त्याचेच.' जी मर्यादा आम्ही पोथ्या लावून ठरविली होती, ती तिने उभ्या उभ्या ओलांडली. आता हा दृष्टांत सांगताना वाट्या आणि दोरी एवढेच आम्ही आपले म्हणून सांगतो, आणि हातांचा भाग त्या म्हातारीचा म्हणून.